भाऊसाहेबांच्या वाटीतले खडे

आमच्या घरात अण्णा पोपटाला 'अहो' म्हणत आणि मला 'अरे'.

आई गेल्यावर मी अण्णांना सांगलीहून दिल्लीला आणलं, सरोजिनी नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. घरात पोपट पाळायला तेव्हा बंदी नव्हती, त्यामुळे त्यांच्यासोबत पिंजराही आला. पोपटाचं नाव भाऊसाहेब. सुषमा आणि मी दिवसभर ऑफिसात, शेजारी सगळे हिंदी, तेव्हा अण्णांशी मराठीत बोलणारा तो एकटाच. (मीही बोलायचो. 'जेवलात?' आणि 'औषध घेतलंत?' पण रोज!) वडिलांनी माझ्याकडेच राहावं असं मला मनापासून वाटायचं. ताई मात्र सांगलीहून बजावत होती, 'तुला जमायचं नाही. मी घेऊन जाईन त्यांना.' तेव्हा अण्णांची सेवा हा माझ्या इभ्रतीचाही प्रश्न होता.

अण्णांना काही लागतच नसे. म्हणून मी भाऊसाहेबांची सेवा करायचं ठरवलं.

मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आमच्याकडे कुठलाही निर्णय पूर्वी काय केलं होतं ते बघून घेतात. नवं डोकं चालवणं हा शिस्तभंग. वरच्या मजल्यावरचे खन्नाजी गच्चीवर कबुतरं पाळत आणि त्यांना दाण्यासोबत बारीक खडे घालत. खड्यांनी पोटात दाणा दळला जातो म्हणे. आजोळच्या कोंबड्याही अंगणातले खडे टिपायच्या. म्हणजे दोन दाखले झाले. पोपटाची फाइल नव्हती, म्हणून मी त्याला कबुतराची लावली.

"अहो, पण त्याने आजवर कधी खाल्लेत का खडे?" सुषमाने विचारलं.

"म्हणूनच तर त्याची तब्येत अशी."

"कशी? चांगली तर आहे."

"बिल्कुल नाही. तुला दिसत नाही."

खडे आणायला लांब जायची गरज नव्हती. रेशनच्या तांदळात ते मुबलक असत. सुषमा रोज ताट घेऊन तांदूळ निवडायची आणि मी तिने काढलेले खडे धुऊन भाऊसाहेबांच्या वाटीत टाकायचो. अख्खी दिल्ली तांदळातले खडे फेकत होती, आम्ही ते वाढत होतो!

भाऊसाहेबांनी दाणे सोलून खाल्ले आणि खडे एकेक करून वाटीबाहेर टाकले.

"त्यांना नकोयत," अण्णा म्हणाले.

"अण्णा, त्याला काय कळतंय? त्याच्या भल्यासाठीच आहे."

दुसऱ्या दिवशीही खडे बाहेर. मग मी ते खलबत्त्यात कुटून भिजवलेल्या डाळीत कालवले. आता टाक म्हणावं! (त्याच खलबत्त्यात सुषमाने नंतर मसाला कुटला. त्या दिवशीची आमटी आम्ही चावून खाल्ली.) भाऊसाहेबांनी डाळ संपवली. मी अण्णांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

आठवडाभरात भाऊसाहेब पिसं फुगवून कोपऱ्यात बसले. खाल्लेलं उलटून टाकायचे. मग खाणंच सोडलं. आणि बोलणंही. घरातलं मराठी निम्म्यावर आलं.

अण्णांनी पानावरचा हात मागे घेतला. "भाऊसाहेब जेवले की जेवेन."

"अण्णा, पोपटापायी तुम्ही उपाशी राहणार?"

"तुझ्याशी बोलत बसू का मग?"

हे लागलं मला. आजही लागतं.

पिंजरा मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला आणि विचारलं, "इसे कंकड़ किसने खिलाए?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच शुद्ध हिंदीत म्हणाले, "मेरे लड़के ने. भारत सरकार में है."

डॉक्टरांना एवढं पुरलं. तरी त्यांनी समजावलं, "कबूतर दाना साबुत निगलता है, इसलिए उसे कंकड़ चाहिए. तोता छीलकर खाता है. उसे क्यों देना? अंदर अटक गए तो मर भी सकता है."

भाऊसाहेब वाचले. नळीने पाजून, औषधं घालून, कसेबसे. ज्या सकाळी त्यांनी पेरूची फोड खाल्ली, त्या सकाळी अण्णाही जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले, "ताईला कळव. येतोय आम्ही."

"अण्णा, चूक झाली माझी. राहा ना."

"चूक घालण्यात नव्हती रे. भाऊसाहेब रोज बाहेर टाकत होते, ते बघून तू बारीक करून घातलंस." मग हात पुसत म्हणाले, "सांगली सोडायची नाही, असं मीही सांगतच होतो की."

अशा वेळी पूर्वी काय केलं होतं, ते मी आठवून पाहिलं. दाखलाच नव्हता.

स्टेशनवर अण्णा खिडकीशी बसले, मांडीवर पिंजरा. काहीतरी करावं म्हणून मी संत्रं घेतलं, सोललं आणि एक फोड त्यांच्या हातात दिली. अण्णांनी ती उजेडात धरली, उलटसुलट बघितली आणि परत माझ्यापुढे केली.

"आधी तू खा."

मी खाल्ली. गाडी हलली. दिसेनासे होईपर्यंत अण्णा खिडकीतून वाकून माझ्याकडे एकटक बघत होते.

"बघ, किती माया आहे," मी शेजारी उभ्या सुषमाला म्हटलं.

"माया कसली," ती म्हणाली, "तुम्हाला काही होतंय का ते बघतायत."