चष्म्याचा काळा दोरा

या पानावरचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... मी सॉफ्टवेअरवाली बाई. मशीन वेडंवाकडं वागलं की चूक आपलीच, हे आयुष्यभर मानत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो — राहायचो म्हणा, आता मी एकटीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझा नवरा सुहास एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि घरी आला की लाकडावर चित्रं भाजायचा. म्हणजे तापलेल्या पेनाने शिवण लाकडाच्या फळीवर माणसांचे चेहरे काढायचा. चीनमध्ये ही जुनी कला आहे. तिथल्या कारागिरांचे व्हिडिओ तासन्तास बघायचा, एक अक्षर कळत नसताना. बाल्कनीत कायम जळक्या लाकडाचा वास, आणि तिथेच माझे कपडे वाळत घातलेले. रोजची भांडणं.

त्याची एक पद्धत होती. भाजलेलं खोडता येत नाही, म्हणून फळीला हात लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला बसवायचा, चहा द्यायचा आणि विचारायचा, "फोटोत नाही असं काहीतरी सांगा." उत्तर कुठेही लिहायचा नाही. सगळं डोक्यात. वहीत लिही, वहीत लिही म्हणून कानीकपाळी ओरडले... ऐकेल तर शपथ.

मार्चमध्ये सुहास गेला. जेवला, हात धुवायला उठला आणि बेसिनपाशीच... मी रडले नाही. नातेवाईक माझ्याकडे बघत बसायचे, आता रडेल, मग रडेल. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झाले होते.

जूनमध्ये नाना आले. वसईकडच्या एका गावातले, केळीची आणि फुलांची वाडी असलेले म्हातारे गृहस्थ. तीन मजले चढून धापा टाकत होते. बायकोचं चित्र त्यांनी सुहासला सांगून ठेवलं होतं, तिच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला. मी ऑफिसात असताना येऊन गेले होते म्हणे. सुहास गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. ऐकून काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या. मग म्हणाले, राहू दे बाय, फोटो तेवढा परत दे, तिचा एवढा एकच आहे.

त्या फोटोसोबत ठेवलेली फळी कोरीच होती. सुहासने बाहेरच्यांना दिलेला शब्द कधी मोडला नाही. (घरच्यांचं विचारू नका.) म्हणून मी म्हटलं, मी करून देते.

मला पेन धरता येत नाही. पण त्याला चिडवायला म्हणून मी पूर्वी एक प्रोग्राम लिहायला घेतला होता — फोटो टाका, लाकडावर भाजल्यासारखं चित्र मिळेल. तुझं महिन्याचं काम माझं दोन मिनिटांत, असं त्याला म्हणायचे. तो पुरा केला. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. हा प्रोग्राम चेहरे ओळखत नाही. फोटोत गडद असेल तिथे जास्त भाजायचं, फिकट असेल तिथे कमी, आणि रेघांची जात सुहासच्या जुन्या फळ्यांच्या फोटोंवरून उचलायची. बस. मनाचं काही घालायची त्याला अक्कलच नाही.

रविवारी दुपारी नानांच्या बायकोचा फोटो टाकला. ओळखपत्रासाठी काढतात तसा — कुंकू, घट्ट मिटलेले ओठ, उघडे डोळे. कुकर लावायला उठले. परत आले तर चित्र तयार होतं, आणि बाईंना चष्मा होता. जाड काचांचा. एक काडी मोडलेली, तिच्या जागी काळा दोरा, कानामागे गुंडाळलेला.

घाबरले नाही. काहीच वाटलं नाही. मूळ फोटो उघडला... चष्मा नाही. तोच फोटो पुन्हा चालवला... चष्मा नाही. पहिली फाइल उघडली, तर तिच्यात आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, एवढंच.

सुहासच्या सगळ्या फळ्या तपासल्या. दोऱ्याचा चष्मा एकीवरही नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीने कोड ओळ न् ओळ वाचला, तिलाही काही सापडलं नाही.

चष्म्याचं चित्र छापून नानांकडे नेलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"नवी काडी बसवून देतो म्हणून किती मागे लागलो," ते म्हणाले. "बसवू दिली नाही. दोऱ्याशिवाय ती तीच नव्हे." मग वर बघून म्हणाले, "मी त्याला बोललो होतो, ते त्याने तुला सांगून ठेवलं होतं वाटतं?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय सांगणार होते? ते चित्र लेझरने त्याच कोऱ्या फळीवर उतरवून घेतलं. आता ते नानांच्या ओटीवर भिंतीला आहे.

त्यानंतर मी सुहासचा फोटो टाकला. लग्नातला, मग सहलीतला, मग कंपनीच्या कार्डावरचा. पेनावर वाकून वाकून त्याच्या डाव्या भुवईचं टोक कायम जळलेलं असायचं, आणि फोटो काढायचा म्हटलं की हा माझी काजळपेन्सिल घेऊन ती नीट करून यायचा. त्यामुळे एकाही फोटोत ते नाही. काजळपेन्सिलीचं माझ्याशिवाय कोणाला ठाऊकही नाही. दर रविवारी फोटो टाकते. जसा फोटो तसं चित्र, रेघ इकडची तिकडे नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मला राग येतो, तो वेगळ्याच गोष्टीचा. परक्या बाईच्या चष्म्याचा दोरा तुझ्या लक्षात राहिला, आणि मी?

गेल्या रविवारी दोन कप चहा केला. एक लॅपटॉपसमोर ठेवला आणि वेड्यासारखं मोठ्याने म्हटलं, "फोटोत नाही असं सांगते, ऐक." भुवईचं सांगितलं. काजळपेन्सिलीचं सांगितलं. मग फोटो टाकला.

चित्र आलं. भुवई अख्खी होती. तेव्हा मी रडले, मार्चनंतर पहिल्यांदा.