गुरुवार, सात ते दहा

गुन्वोर चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे पोरांचं जेवण रोज ढवळून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते, आणि आवाजही त्याच मापाचा. निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीच्या तळघरातल्या सामाईक धुणीघराची देखरेख तिने अंगावर घेतली. कुणी नेमलं नव्हतं, पण नको म्हणायची हिंमतही कुणाला झाली नाही.

धुणीघरात दोन मशीन, कपडे वाळवायचं एक यंत्र, म्हणजे आमची वाळवणी, आणि भिंतीवर वेळांचा फळा. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप असतं. ज्या वारी, ज्या वेळी धुवायचं त्या भोकात ते अडकवायचं. आमच्या गावात खून झाला तर लोक हळहळतील आणि कामाला लागतील, पण दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावणाऱ्याला सात पिढ्या क्षमा नाही.

तळमजल्यावरच्या अल्गोतचं कुलूप गुरुवारी सकाळी सात ते दहाच्या भोकात सव्वीस वर्षं होतं. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस. डावा पाय ओढत चालायचा, उन्हाळ्यातही राखाडी लोकरी टोपी, आणि दिवसाला फार तर दहा शब्द. आदल्या रात्रीचे कुणाचे कपडे वाळवणीत राहिलेले दिसले की तो ते बाहेर काढायचा, घड्या घालायचा, मोज्यांच्या जोड्या लावायचा आणि टेबलावर ठेवायचा. त्याचे कधी कुणी आभार मानले नाहीत, पण सगळे हक्काने कपडे विसरायचे.

तिसऱ्या मजल्यावर मायलिस नावाची मास्तरीण राहायची, गुन्वोरची जिवाभावाची मैत्रीण. साठी उलटल्यावर तिने एक रहस्यकादंबरी लिहिली, ‘गुरुवार, सात ते दहा’. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की ती गुन्वोरला वाचून दाखवायची. कादंबरीत हिल्डिंग नावाचा म्हातारा होता. टोपी तीच, पाय तोच, घड्या घालायची सवय तीच. त्यातला खुनी होता गावाचा लाडका दंतवैद्य. रक्ताची चादर धुवायला तो दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावतो, घाईत उशीचा एक अभ्रा वाळवणीत विसरतो, आणि घडी घालताना हिल्डिंगच्या लक्षात येतं की हा अभ्रा या वेळेच्या घरातला नाही. बस, एवढ्यावरून पोलिस दंतवैद्याच्या दारात. गुन्वोरला ते प्रकरण पाठ होतं.

मायलिस गेली. कादंबरीचे हक्क कुणा पुतण्याकडे गेले, त्याने ते विकले, आणि चार वर्षांनी सिनेमा आला. एका बुधवारी संध्याकाळी आमच्या गावच्या थिएटरात पहिला खेळ होता. सगळी इमारत लोटली. अल्गोत तेवढा गेला नाही. तो कुठेच जायचा नाही.

आणि काय दाखवलं त्या सिनेमात! लुकलुकणारा दिवा, ठिबकणारा नळ. टोपीवाला हिल्डिंग पाय ओढत येतो, वाळवणीतून एका पोरीचा झोपायचा अंगरखा काढतो, हळूहळू घडी घालतो आणि नाकाशी धरतो. दंतवैद्य बिचारा सज्जन निघतो. शेवटी बर्फात गोळी खाऊन पडतो तो हिल्डिंग. खुनी तोच!

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. धुणीघरात चिठ्ठ्या लावतात. दुसऱ्याच आठवड्यात फळ्याशेजारी एक लागली: ‘कृपया दुसऱ्यांच्या कपड्यांना हात लावू नये. – एक शेजारी.’ खाली हसरा चेहराही काढला होता, मेल्यांनी. मग दुसरी: ‘येथे लहान मुलं राहतात.’ बुधवारची शेवटची वेळ रिकामी पडायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचा ईवार, निवृत्त बसचालक, गुरुवारी दहाला अल्गोतच्या पाठोपाठ धुवायचा. त्याचं कुलूप गुपचूप मंगळवारी गेलं. पण अल्गोतचं कुलूप तर त्याच्याही आधी फळ्यावरून नाहीसं झालं होतं. भर फेब्रुवारीत तो न्हाणीघरात कपडे धुवायचा आणि सज्जात वाळत घालायचा. सदरे गोठून फळकुटांसारखे उभे राहायचे. रस्त्यावरून जाणारी माणसं तिकडे बघायची आणि पावलं झपाझप उचलायची.

गुन्वोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठ्या टराटरा फाडून ती अल्गोतच्या दारावर थडकली.

“कुलूप कुठंय तुझं?”

“घरात.”

“लाव जाऊन फळ्यावर. बघते कोण बोलतो ते!”

“नको, गुन्वोर,” तो म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तिने इमारतीशी उभा दावा मांडला. जिन्यात भेटेल त्याला गाठायची. “पुस्तक वाचलंस का? नाही ना? मग कशाच्या जिवावर घाबरतोस?” लोक मान डोलवायचे, हवामानाचा विषय काढायचे आणि सटकायचे.

मार्चमध्ये वाचनालयाने ‘पुस्तक सरस की सिनेमा?’ असा कार्यक्रम ठेवला. पटकथा लिहिणारा मेल्केर राजधानीहून आला होता; तिशीचा, बारीक चष्मा, गोड बोलणारा. कॉफी होती, वेलचीचे पाव होते, आणि आमच्या इमारतीतली अकरा माणसं मागच्या रांगेत होती. गुन्वोर पहिल्या रांगेत बसली, मांडीवर मायलिसचं पुस्तक, त्यात सतरा खुणेच्या चिठ्ठ्या.

मेल्केर म्हणाला, “पुस्तक छानच आहे. पण त्यात हिल्डिंग घडी घालतो तेव्हा लेखिका दोन पानं त्याच्या मनातलं सांगते. बायको गेल्यावर घरात घडी घालायला दुसऱ्या कुणाचे कपडेच उरले नाहीत, वगैरे. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, हात दिसतात. म्हातारा एकटा माणूस, परक्या बाईचे कपडे, हळू चालणारे हात. प्रेक्षक आपोआपच घाबरतो. आम्ही फक्त त्या भीतीच्या मागे गेलो.”

गुन्वोर उठली. “अरे पोरा, तुला मन दाखवता येत नाही म्हणून माणसाला खुनी करायचं?”

“तो खरा माणूस नाही ना पण. पात्र आहे.”

“पात्र? ती टोपी मी रोज बघते! तो पाय मी रोज ऐकते! पुस्तकात मायलिसने त्याच्यावर संशय घ्यायला लावला, मान्य आहे. पण मग शंभर पानं आपल्याला आपलीच लाज वाटायला लावली. तेच तर पुस्तक आहे! तू संशय ठेवलास आणि लाज कापून टाकलीस. कारण लाजेला तिकीट काढून कोण येणार? तुझा सिनेमा दोन तासांत संपला. त्या माणसाला उद्या दूध आणायला दुकानात जायचंय!”

मेल्केरचे कान लाल झाले. “मला हे माहीत नव्हतं,” तो म्हणाला, आणि ते खरं असावं. पण गुन्वोर आता थांबणार होती थोडीच! ती गर्रकन मागच्या रांगेकडे वळली.

“याला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं ना? पुस्तक कुणी वाचलंय? हात वर करा.”

दोन हात वर आले. बाकीचे आपापल्या कपात बघायला लागले.

“आम्हाला कळतं गं तो सिनेमा आहे ते,” ईवार पुटपुटला. “कशाला एवढा तमाशा करतेस?”

“कळतं? मग तुझं कुलूप मंगळवारी कसं गेलं? पाय फुटले त्याला? सव्वीस वर्षं तुमचे मोजे जोड्या लावून दिले त्याने! निर्लज्ज आहात सगळे!”

ईवार सहसा चिडत नाही. पण चारचौघांत निर्लज्ज म्हटल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उभा राहिला.

“मी दोन आठवड्यांनी बदललं, गुन्वोर. तू तर रात्र उलटायची वाट बघितलीस फक्त. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल काढायला तळघरात उतरलो होतो. सातला दहा कमी होते. तू ओल्या केसांनी, झोपायच्या कपड्यांत धावत आलीस, वाळवणीतले आपले कपडे कवटाळलेस आणि पळालीस. सव्वीस वर्षांत कधी सातच्या आत कपडे न्यायला आली होतीस?”

खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं. ती सकाळ गुन्वोरने मनात इतक्या खोल दडपली होती, आणि वर रागाचे इतके थर दिले होते, की तिला स्वतःलाच ती सापडत नव्हती. सहा आठवडे ती इमारतीवर ओरडत होती आणि सगळ्यात आधी पळालेली बाई ती स्वतः होती. कुणीतरी आभार मानून कार्यक्रम संपवला. तिने कोट चढवला, गुंड्याही न लावता, आणि ती बाहेर पडली.

ती सरळ अल्गोतच्या दारात गेली. त्याने दार उघडलं. तिने आत ये म्हणायचीही वाट बघितली नाही.

“मला एक सांगायचंय, आणि मध्ये बोलू नकोस. सिनेमा बघून आले त्या रात्री माझे कपडे वाळवणीत होते. सकाळी तू यायच्या आत मी धावत जाऊन ते काढून आणले. आतले कपडे होते त्यात. मला भीती वाटली, अल्गोत. तुझी. मला, जिने ते पुस्तक लिहिलं जाताना ऐकलंय! दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी मीच सांगायला आले.”

“माहीत आहे,” अल्गोत म्हणाला. “मी जिन्यात होतो. टोपली घेऊन.”

“म्हणजे... चिठ्ठ्यांमुळे नाही बंद केलंस तू?”

“चिठ्ठ्या काय, दरवर्षी लागतात.” त्याने टोपी काढली, हातात फिरवली. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. “सिनेमात काय आहे ते दुकानात कानावर आलं. बाकीच्यांनी फक्त सिनेमा बघितला होता. तू पुस्तक वाचलं होतंस. मी नाही वाचलेलं. मला वाटलं, वाचूनही गुन्वोर पळाली, म्हणजे मायलिसला माझ्यात तसं काही दिसलं असणार.”