कन्हानचा कोरा रकाना

कन्हान नदीच्या पुलाखाली एक काका रोज सकाळी आठला पाण्याची पातळी वाचतात, आणि वाचण्याआधी नदीला एक शिवी देतात. दरवर्षी नदीतून किती पाणी जातं आणि पावसाशी त्याचं नातं काय, यावर मी प्रबंध लिहिते आहे. त्यासाठी त्यांचं जुनं रजिस्टर उतरवून घ्यायला मी महिनाभर जात होते. मी फारशी बोलत नाही. त्यांचं काही अडत नाही. दोघांचं मिळून तेच बोलतात.

"बाकी नद्यायचे आकडे पाह्य. शनिवारचेच रविवारी! नद्यायले बी सुट्टी लागते वं."

त्यांच्या रजिस्टरमध्ये मात्र ऐन पुरातल्या एका दिवसाचा रकाना कोरा होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, अंदाजे आकडा तरी आण, नाहीतर ते अख्खं वर्ष गाळावं लागेल.

मी धीर करून पेन पुढे केलं. "काका, अंदाजे काहीतरी लिहा ना."

"मामेसासरा वारला, मी त्याच्या तेरवीत बुंदी खाऊन राहिलो होतो. पाणी पाह्यलंच नाही, तं लिहू काहून?"

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन घेतलं, रकान्यात 'तेरवीला गेलो होतो' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.

ते वर्ष प्रबंधातून गाळावं लागलं. त्या जागी मी तळटीप दिली: 'पातळी वाचणारे तेरवीला गेले होते.' सरांनी ती दोनदा खोडली. मी तिसऱ्यांदा टाइप केली.