पौर्णिमेच्या दिवशी सुटलेली बोट

काही प्रकरणे फाईल बंद झाली की डोक्यातूनही जातात. हे एक मात्र गेले नाही, आणि खरे सांगायचे तर ते जावे असे मला वाटतही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत शेवट गोड झालेल्या केसेस बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. ही त्यांतली एक.

निवृत्तीला वर्षभर राहिले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंटच्या पट्ट्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडच्या मिसिंगच्या तक्रारी ठरलेल्या. पळून गेलेली पोरगी, पिऊन बांधावर झोपलेला नवरा, मोहफुले वेचायला गेलेली आणि वाट चुकलेली म्हातारी. भिंतीवर ठाण्याच्या हद्दीचा नकाशा होता. तो जिवतीच्या डोंगरापलीकडे तेलंगणाच्या सीमेवर संपत होता. समुद्राचा आणि आमचा कधी संबंध येईल असे कुणी सांगितले असते, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवले असते.

त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक बाई ठाण्यात आल्या. गावच्याच रुग्णालयात त्या सिस्टर होत्या आणि ड्यूटीच्या गणवेशातच आल्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, माझे पाच माणसं हरवले," त्या म्हणाल्या. "आई, भाऊ, वहिनी आन् दोन पोरी."

"कुठून हरवले?"

"श्रीलंकेतून."

ठाणे अंमलदार म्हणून त्या दिवशी एक महिला हवालदार होत्या. त्यांचा पेन डायरीवर तसाच थांबला. 

हळूहळू सगळे कळले. सिस्टरचे भाऊ सिमेंट कारखान्यात वायरमन, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळे मिळून चेन्नईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीवर गेले होते. ती बोट श्रीलंकेच्या बंदरावर एक दिवस थांबते, प्रवासी उतरून फिरतात आणि चार वाजता बोट पुढे निघते. बंदरावर फिरायचे दोन मार्ग. बोटवाल्यांची स्वतःची बससहल घ्यायची, नाहीतर आपली आपण गाडी ठरवायची. बोटीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. आपल्या गाडीला झाला तर थांबत नाही. हे बोटवाल्यांनी छापून दिले होते आणि भावाने ते वाचलेही होते.

"मग तरी वेगळी गाडी काऊन केली?" मी विचारले.

"बोटीच्या बसमध्ये समुद्रकिनारा होता, हत्ती होते, बाजार होता. विहार नव्हतं साहेब. आईले तं फक्त विहारच पाहाचं होतं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर तिकडचे एक भंतेजी आले होते. त्यायनंच वळखीच्या गाडीवाल्याचा नंबर देल्ला होता."

बोटीवर शेजारच्या खोलीत नागपूरचे एक जोडपे होते. आदल्या दिवशी सिस्टरने आईच्या गोळ्यांची आठवण करून द्यायला म्हणून त्यांच्याशी बोलून नंबर दिला होता. पाच वाजता त्यांचा निरोप आला. बोट सुटली. बोटीची बस रस्त्यात अडकली होती, तिच्यासाठी अर्धा तास थांबली. तुमची माणसे मात्र आली नाहीत. भावाचा फोन बंद लागत होता, वहिनीचा लागतच नव्हता.

"आईले शुगर आहे," सिस्टर म्हणाल्या.  "गोळ्यायचा डबा बोटीवरच आहे."

मी नोंद घ्यायला सांगितली. नियंत्रण कक्षाला कळवले, त्यांनी वर कळवले. हद्दीचा मुद्दा काढून त्यांना परत पाठवणे सोपे होते आणि कायद्याने चूकही नव्हते. पण पाच माणसे इथली होती. परदेशात, पासपोर्ट बोटीवर, ओळखीचे कुणी नाही. त्या बाईंना आईचा आवाज ऐकवेपर्यंत आपण उठायचे नाही, असे मी ठरवले.

आता माझी चूक सांगतो. पोलिसाचे डोके वाईटाकडे आधी धावते. अनोळखी गाडीवाला, दोन लहान मुली, परका मुलुख. मी मनातल्या मनात त्या गाडीवाल्यावर गुन्हा दाखलसुद्धा करून टाकला होता.

तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एक फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"साहेब, बोटीचं बुकिंग त्या ऑनलाइनवाल्यानं केलं होतं. बसस्टँडपाशी दुकान आहे त्याचं. तासाभरापासून शटर पाडून आतच बसून राह्यला. फोनबी बंद करून ठेवला त्यानं."

लहान गावात बातमी ठाण्यात यायला वेळ लागत नाही. मी दोन माणसे पाठवली. वीस मिनिटांत तो समोर होता. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, सातबारापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळे काढून देणारा. आमच्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यानेच भरलेले होते. त्यामुळे त्याला धरून आणताना माझ्या माणसांनाही अवघड वाटले असावे, ते त्याच्याशी डोळा भिडवत नव्हते.

मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. माझा एक अनुभव आहे. बनेल माणूस स्वतःहून पाणी मागतो, तेवढाच त्याला विचार करायला वेळ मिळतो. घाबरलेल्या माणसासमोर पाणी ठेवले तरी त्याला ते दिसत नाही. याला दिसले नाही.

"फोन काऊन बंद ठेवला?"

"बॅटरी उतरली साहेब."

"शटर काऊन पाडलं?"

"तब्येत बरी नाई."

"अन् त्या गाडीवाल्याची तुयी वळख किती दिवसांची?"

"गाडीवाला मी नाई करून देल्ला साहेब! आईशप्पथ. मी तं म्हटलं होतं, बोटीचीच बस घ्या म्हनून. पण त्या आजीबाई आयकतच नव्हत्या. 'हत्ती का आपल्याकडं नाई दिसत काय,' म्हने."

हे उत्तर खोटे वाटेना. तरीही तो काहीतरी लपवत होता, हे स्पष्ट होते. मी आवाज चढवला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्या शब्दांचा मला अभिमान नाही. सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि दार उघडे होते. त्या आत आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोराले डेंगू झाला तेव्हा सलाईन मीच लावली होती. माही आई कुठी आहे तेवढं सांगा. बाकी मले काही नाई पाहिजे."

तो माणूस रडायला लागला. माझ्या आरडाओरड्याने जे झाले नाही ते त्यांच्या एका वाक्याने झाले. त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"पाचच्या थोडं आधी बाहेर देशातून फोन आला साहेब. इंग्लिशमध्ये. मले 'पासपोर्ट' आन् 'शिप गॉन' एवढंच समजलं. मले वाटलं फॉर्म भरताना काही चुकलं, आता मलेच पकडतात. मंग फोन बंद केला."

"तुले फोन कसा आला? तुया नंबर तिकडे कोणी देल्ला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मीच. मी सगळ्याच फॉर्मवर माहाच नंबर टाकतो. ओटीपी येते ना साहेब. लोकायले फोन लावा तं उचलत नाईत, उचलला तं ओटीपी वाचता येत नाई. म्हनून संकटात कोनाले कळवाचं, त्या रकान्यातबी माहाच टाकला."

 आमच्यापैकी कितीतरी जणांनी त्याच्याकडून फॉर्म भरून घेतले होते. रेशन, विमा, पोरांचे प्रवेश, सगळ्यांवर त्याचाच नंबर असणार. कुणी कधी वाचून पाहिले होते? मीही नाही.

फोन सुरू केला. टिंग टिंग करत संदेश येत राहिले. न उचललेले आठ फोन, सगळे श्रीलंकेचे. मी चष्मा लावून नीट पाहिले. नंबर एक नव्हता, दोन होते. दोन फोन एका नंबरवरून आणि सहा दुसऱ्यावरून. एकच नंबर सहा वेळा फोन करतो, तेव्हा त्या टोकाला कुणीतरी अडचणीत असते. पळवून नेणारा माणूस घरच्यांना सहा वेळा फोन लावत बसत नाही. माझ्या मनातला गुन्हा तिथेच ढिला पडला.

पहिला नंबर बंदरावर बोटीचे काम पाहणाऱ्या माणसाचा निघाला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बोललो. तो म्हणाला, बोटीने जाताना पाचही पासपोर्ट माझ्याजवळ उतरवून दिले आहेत, पण घ्यायला कुणी आले नाही. आज सुट्टी आहे, मी सात वाजता कुलूप लावणार. दुसरा नंबर लागेना. एकदा, दोनदा, पाचदा लावला. सिस्टर माझ्या बोटांकडे पाहत होत्या.

"सुट्टी कसली म्हणाला तो?" अंमलदार बाईंनी विचारले. मग त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि एकदम उभ्या राहिल्या. "साहेब, आज पौर्णिमा आहे. तिकडे सगळा देश विहारात जाते. रस्ते भरले असतील. नेटवर्कबी त्याच्यानंच लागत नसन."

हे ऐकून मला बरे वाटले, पण सिस्टरचा चेहरा पांढरा पडला.

"आईचा उपोसथ," त्या पुटपुटल्या. "पौर्णिमेले ती अष्टशील घेते, दिवसभर आठ नियम पाळते. बारा वाजल्यावर जेवत नाई. सकाळची गोळी घेतली आन् पोटात काहीच नसन तं शुगर एकदम खाली जाते. तिले चक्कर आली तरी ती काही खाणार नाई, साहेब. मेली तरी खाणार नाई. मी ओळखतो तिले."

नागपूरकडच्या बायका बोलता बोलता स्वतःबद्दल 'ओळखतो' म्हणतात, त्यातले ते म्हणणे. मला ते अजून ऐकू येते.  मी पुन्हा नंबर लावला. नुसता आवाज, मग कट. ऑनलाइनवाला कोपऱ्यात उभा राहून हात जोडून होता. कुणाला, ते त्यालाच माहीत.

पावणेसातला त्याचा फोन वाजला. तोच नंबर. मी उचलला आणि पलीकडून एका पुरुषाने हिंदी-इंग्रजी मिसळून विचारले, "इंडिया फॅमिली?" मी हो म्हणालो. पुढच्या क्षणी पडद्यावर चित्र आले. छोटे घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बाई खुर्चीवर बसलेली, हातात कप. मागे दोन पोरी हात हलवत होत्या. मी फोन सिस्टरच्या हातात दिला.

"आई! काई खाल्लं का नाई?"

"खाल्लं नाई, पेलं," म्हातारी म्हणाली. "चक्कर आली होती थोडी. या गाडीवाल्या पोराची बायको शहाणी आहे. तिनं न सांगता बिनदुधाचा चहा आन् गूळ आणून देल्ला. तिचाबी उपोसथ आहे ना आज. आपल्या नियमात चालते म्हने ते."

सिस्टर हसल्या आणि तिथेच बाकावर बसून ओक्साबोक्शी रडल्या. मी खिडकीपाशी गेलो. साठीला आलेल्या पोलीस निरीक्षकाने शिपायांसमोर डोळे पुसू नयेत अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ती मोडली. आमच्या अंमलदार बाईही डायरीत तोंड घालून बसल्या होत्या आणि काही लिहीत नव्हत्या.

मग भावाकडून बाकीचे कळले. विहार पाहून परतताना गाडी गर्दीत अडकली. बंदराच्या फाटकापर्यंत पोचले तेव्हा बोट सुटून वीस मिनिटे झाली होती. रखवालदाराने बोट गेली एवढेच सांगितले. भावाच्या फोनची बॅटरी पोरींच्या व्हिडिओत संपली होती, वहिनीच्या फोनला जमिनीवर उतरल्यावर नेटवर्कच नव्हते. बहिणीचा नंबर कुणालाच तोंडपाठ नव्हता. जवळ असलेल्या बोटीच्या कागदावर एकच नंबर छापलेला होता, आणि तो होता आमच्या दुकानदाराचा. गाडीवाल्याने स्वतःच्या फोनवरून सहा वेळा लावला. आजीचा चेहरा पाहून त्याने सगळ्यांना आपल्या घरी नेले. मी त्याला बंदरावरच्या माणसाचा नंबर दिला. सातला दोन मिनिटे असताना तो भावाला घेऊन मोटरसायकलने बंदरावर पोचला आणि पासपोर्ट घेऊन आला. ते कुटुंब त्याच्याच घरी राहिले आणि दुसऱ्या दिवशी विमानाने चेन्नईला आले.

ऑनलाइनवाल्यावर गुन्हा दाखल करण्यासारखे काही नव्हते. समज देऊन सोडले. मी त्याला एवढेच सांगितले की उद्यापासून त्या रकान्यात ज्याच्या त्याच्या घरच्याचाच नंबर. आणि त्याच्यावर ओरडलो होतो त्याबद्दल दोन शब्द बोललो. अधिकारी असे सहसा बोलत नाहीत, पण बोलायला हवे होते.

लोक मला विचारतात, प्रवासात सहल बोटीची घ्यावी की आपली आपण. मी दोन्ही बाजू सांगतो. बोटीची घेतली तर बोट थांबते, यात खोटे काही नाही. घड्याळाची भीती असेल तर तीच घ्या. आपली ठरवायची असेल तर गाडी किती चांगली हे विचारू नका. बोट सुटल्यावर हा माणूस आपल्याजवळ थांबेल का, एवढे विचारा. त्याचे नाव ज्याने सुचवले त्याला ओळखता का, ते पाहा. त्या कुटुंबाने नेमके हेच पाहिले होते, आणि मी मात्र त्या गाडीवाल्याला न पाहता आरोपी केले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मला हे शिकावे लागले.

मिसिंगची तक्रार बंद करायला जबाब लागतो. आठवड्याने आजी स्वतः ठाण्यात आल्या. मुलीचा हात न धरता पायऱ्या चढल्या. जबाब वाचून दाखवला, सही झाली. मी सहज म्हणालो, "आजी, आता पुढच्या वेळी बोटीच्याच बसनं जा बरं. बोट तरी चुकणार नाही."

त्या पदर सावरून उठल्या.

"बस धरली असती तं बोट भेटली असती साहेब," त्या म्हणाल्या. "पण मी बोट पाहाले थोडीच गेली होती."