दाताखालचं धान

धान ओलं आहे की सुकलेलं, हे मी दाताखाली घेऊन सांगतो. तुमसरच्या एका राइस मिलसाठी धान पारखून घ्यायचं काम मी तीस वर्षं करतो आहे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर दाणे काढायचे, एक उजव्या दाढेखाली ठेवायचा आणि हलकेच दाबायचा. सुकलेला दाणा कट्ट करून फुटतो. ओला आवाज न करता चेपतो. यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत, पण त्या सांगून समजत नाहीत. आता ओलावा मोजायचं मशीन आलं आहे, तरी मशीनवर आकडा उमटला की शेतकरी आधी माझ्या तोंडाकडे पाहतो. याचा मला गर्व होता. होता कशाला, आहे.

गेल्या साली ती उजवी दाढ ठणकायला लागली. मिलमध्ये सगळ्यांचं एकच निदान: तीस वर्षं धान चावलं, दाढ झिजणार नाही तर काय होईल? मलाही ते पटलं. खरं तर आवडलंच. कामात झिजलेली दाढ म्हणजे एक प्रकारचा मानच की. लवंग ठेवली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि दाणा डाव्या बाजूने फोडायला लागलो.

डावी बाजू अगदीच अडाणी निघाली. दिवाळीनंतरच्या गर्दीत मी एक मोठा माल सुकलेला म्हणून पास केला, आणि आठवड्याने गोदामात त्याच पोत्यांत हात घातला तर माल आतून गरम लागला, म्हणजे ओलाच होता. मालक भला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, आता मशीनच लावत जाऊ आपन. तुमी बसा आरामात." ते 'आरामात' मला शिवीसारखं लागलं. घरी तरी मी दुसरं काय करत होतो?

घरात मी एकटा असतो. दीड वर्षापूर्वी बायको पुण्याला मुलाकडे गेली. नातू झाला, मुलगा-सून दोघंही नोकरीवर, लेकराजवळ घरचं कोणीतरी हवं. तिचा पाय निघत नव्हता. मीच म्हणालो, "जा ना वं, मी काय लहान लेकरू हाय?" तिची बॅग मीच बांधली. पहिले काही दिवस मजेत गेले, टीव्हीचा रिमोट एकट्याच्या हाती आला होता. मग मी उभ्याउभ्याच जेवायला लागलो. एका माणसासाठी ताट काय वाढून घ्यायचं? पित्त वाढलं, बीपीची गोळी सुरू झाली, साध्या साध्या गोष्टींवरून हमालांच्या अंगावर जाऊ लागलो. हे सगळं मी वयाच्या नावावर टाकत होतो. रोज संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "बरे हा ना?" मी म्हणायचो, "मजेत." दुसरं काही बोललो असतो तर ती दुसऱ्याच दिवशी गाडीत बसली असती. मग नातवाकडे कोण पाहणार?

मशीनचा विषय निघाल्यावर मात्र मी घाबरलो आणि भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्या सुनेच्या वयाची मुलगी. खुर्चीत बसल्याबसल्याच मी तिला धानाचं पुराण ऐकवलं. तिने ते नीट ऐकलं, छोटा आरसा तोंडात फिरवला, मग दोन्ही गालांवर बोटं ठेवून म्हणाली, "काका, दात आवळा बरं." आवळले. तिने आतल्या खोलीतल्या मदतनीस बाईंना बोलावून माझा जबडा दाखवला, हे मला आवडलं नाही.

"धान कोणत्या बाजूने चावता?"

"उजव्या. डाव्या बाजूनं आता आता."

"मग दोन्हीकडच्या दाढा सारख्याच कशा घासल्या? समोरचे दातपण घासले आहेत. दाढेला चीर गेली आहे. धानाने असं होत नाही, काका. तुम्ही झोपेत दात खाता."

मी हसलो. आमच्याकडे झोपेत दात खातात ती लहान पोरं, आणि लोक त्यांना जंताचं औषध देतात. तीही हसली. म्हणाली, "तुम्हाला जंत नाही, टेन्शन असेल. आहे का काही?"

"नाही."

"काकू काही बोलल्या नाहीत? बाजूला झोपलेल्या माणसाला पहिले ऐकू येते हे."

"ती पुण्याला असते."

ती कागदावर लिहायला लागली. दातांवर घालून झोपायचं एक कवच करून देते म्हणाली. त्याने दात वाचतील, पण दात खाणं त्याने थांबेलच असं नाही. दिवसाही लक्ष ठेवायचं. ओठ मिटलेले असू द्यायचे, दात मात्र सुटे.

बाहेर आलो तेव्हा चार वाजत होते. पूल ओलांडला की पलीकडे कारधा, तिथे माझी सासुरवाडी. साळ्याकडे चहा झाला असता. पण 'एकट्यानं कसं होते जी तुमचं?' हे त्याच्या बायकोने विचारलं असतं, आणि त्या दिवशी 'मजेत' म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. मी स्टँडवर जाऊन बसलो. दात सुटे केले. तुमसरची गाडी लागली का म्हणून फलकाकडे पाहिलं, तेवढ्यात ते पुन्हा घट्ट मिटलेले. पुन्हा सोडले, पुन्हा मिटले. म्हणजे हे झोपेतलंच नव्हतं, दिवसभर चाललं होतं.

मला फार एकटं वाटलं. याआधी हा शब्द मी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. माझ्या घरात रोज एक आवाज होत होता, शेजारच्या माणसाची झोप मोडेल एवढा, आणि तो ऐकायला कोणी नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

मी फोन लावला.

"काय जी, ह्या वेळेस?" ती घाबरून म्हणाली. मागे नातू काहीतरी आपटत होता.

"मी झोपेत दात खात होतो का वं?"

"घोरता तुमी. दात तं कधीच नाही खाल्ले. बत्तीस वर्सं बाजूले झोपली मी, मले नाही मालूम होनार? काहून?"

'काही नाही' अगदी ओठांवर आलं होतं. ते तसंच राहू दिलं आणि म्हणालो, "डॉक्टरीन म्हनते, आता खातो मी. लय खातो. दाढ फुटून राहिली. अन् सांगाले कोनी नाही बाजूले."

नातवाचं आपटणं चालूच होतं. मला वाटलं, आता म्हणेल येते मी, आणि मी नको म्हणेन, आणि दोघंही खोटं बोलू. पण तिने भलतंच विचारलं. "रविवारी दुपारी झोपता ना? लेकरूबी झोपते त्या टाइमले. फोन लावा अन् उशाशी ठेवून द्या. बोलू नका काही."

हे खूळ मला आधी हास्यास्पद वाटलं. तरी रविवारी जेवण झाल्यावर फोन लावला, स्पीकर सुरू करून उशीजवळ ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. तिकडून पंख्याचा आवाज येत होता, नातवाला थोपटल्याचा येत होता. झोप कधी लागली कळलं नाही.

जाग आली तर फोन चालूच होता. एक तास चाळीस मिनिटं झाली होती.

"हास का?" मी विचारलं.

"हाव." नातू उठू नये म्हणून ती कुजबुजत होती.

"खाल्ले?"

"खाल्ले ना. बाप्पा, केवढा आवाज तो! मले वाटलं, कोनी काही फोडून राहिलं."

"मंग?"

"मंग काय. 'काहो' म्हटलं मी. दोनदा म्हटलं. थांबले तुमी."