तिसऱ्यांदा उचलता येईल ते

गुरुनाथ मोहिते तालमीत होता तेव्हा चौऱ्याहत्तर किलोच्या गटात लढायचा. वजनं व्हायच्या आदल्या दिवशी दोन-दोन स्वेटर घालून कॅनॉलच्या कडंनं पळायचा, थुंकून थुंकून तोंडाचं चामडं करायचा, आणि काट्यावर चढला की पोट पाठीला लावून उभा राहायचा. काट्याला खरं वजन द्यायचं नसतं, एवढं तो तिथं पक्कं शिकला. पुढं कुस्ती सुटली, इंजिनिअरिंग झालं, पुणं झालं, हॉलंडमधलं आइंडहोवन झालं. अंग आडमाप सुटलं. खोड मात्र तशीच राहिली. डॉक्टरनं विचारू दे, जिमच्या पोरीनं विचारू दे, नाहीतर बायकोनं. गडी आपला एकशेचार म्हणायचा. चार वर्षं झाली, एकशेचारच.

आता चव्वेचाळिशीत गुडघे बोलायला लागले होते. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली नोकरी गेल्या वर्षी गेली आणि धावपळ करून एका लहानशा कंपनीत दुसरी मिळाली. ही कंपनी स्वीडनच्या डोंगरांत वाऱ्याची न् बर्फाची मोजणी करणारे खांब उभे करते. खांबाच्या बुडाशी पेट्या असतात, त्या हिवाळ्यात दोनदा तपासाव्या लागतात. रस्ता अकरा किलोमीटर अलीकडंच संपतो. पुढं स्नोमोबाइल. म्हणजे मोटरसायकलचं धड, पुढं बर्फावर घसरायच्या दोन पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा पट्टा.

एक वर्षाचा करार जानेवारीत संपत होता. नवा झाला नाही तर कामाचा परवाना जाणार, आणि परवान्याबरोबर घर, शाळा, सगळंच. पाच वर्षं पुरी झाली की कायम राहायचा अर्ज करता येतो. गुरुनाथची चार झाली होती. साहेबानं, रेमकोनं, सरळ सांगितलं होतं, "डोंगरावरचं काम तू घेतलंस तर करार कायमचा. तुला अनुभव आहेच. तुझं मशीन तूच निवड."

अनुभव म्हणजे एक फोटो होता. लग्नानंतर मनालीला गेले होते तेव्हाचा. भाड्याचा केसाळ कोट, भाड्याचे गमबूट, आणि बर्फातल्या स्कूटरवर ऐटीत बसलेला गुरुनाथ. फोटोपुरता चालवणारा खाली उतरला होता. बाकीची दहा मिनिटं गुरुनाथ त्याच्या मागं, त्याच्या कमरेला मिठी मारून. नोकरीचा अर्ज करताना सुयशनं, म्हणजे पुण्याहून आलेल्या, ह्याच कंपनीत आधीपासून असलेल्या दोस्तानं, तो फोटो बघितला आणि बायोडेटात ओळ घातली : स्नोमोबाइल चालवण्याचा अनुभव, हिमालय.

"अरे, खोटं हाय की ते," गुरुनाथ म्हणाला होता.

"दादा, हिमालय खोटा आहे का? स्नोमोबाइल खोटी आहे का? मग झालं."

तर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोघं सुयशच्या गाडीतनं उत्तरेच्या द्रेंथे प्रांताकडं निघाले. अडीच तासांची वाट, बारीक पाऊस, आणि दोन्ही अंगाला तव्यावर थापल्यासारखा सपाट मुलूख. बांधावर चढलं तर त्यालाच उंची म्हणायची असला देश. तिथं डोंगरावर चढायचं यंत्र विकणारा माणूस आहे हे गुरुनाथला पटत नव्हतं. तो आठवडाभर नीट झोपला नव्हता. सुयश मात्र चाळीस व्हिडिओ बघून तयार होता.

"दादा, डोकं लावायचंच नाही. साडेआठशे सीसीचं इंजिन, सगळ्यात लांब पट्टा. हेवी रायडरला पॉवर पाहिजे, सगळे हेच सांगतात."

"सगळे म्हंजी कोण?"

"यूट्यूबवर."

"त्यातलं बर्फात पडलंय का कोण?"

"पडलेले व्हिडिओ वेगळे असतात."

विकणाऱ्याचं नाव हार्म. सत्तरीचा, उंच, वाकलेला, लाकडी बूट घातलेला. पूर्वी ऐंशी गाई होत्या. त्या विकल्या आणि गोठ्यात स्नोमोबाइल उभ्या केल्या. स्वीडन-नॉर्वेत ज्यांची सुट्टीची घरं आहेत ते डच लोक त्याच्याकडं येतात. त्याची बोली आडगावची, शब्दांच्या शेपट्या खाणारी. सुयशच्या फोनमधल्या भाषांतरानं तिच्यापुढं हात टेकले. गुरुनाथला निम्मं कानानं कळायचं, निम्मं हार्मच्या हातवाऱ्यांनी. आपल्याच गावचा कुणी म्हातारा परक्या शब्दांत बोलतोय असं त्याला वाटलं, आणि पुढं जे बोलणं झालं ते त्याच्या डोक्यात आपल्याच बोलीत उमटत गेलं.

"वजन किती?" हार्मनं पहिलंच विचारलं.

"एकशेचार."

हार्मनं त्याला बुटांपासून वरपर्यंत बघितलं. मग भिंतीवरचं हेल्मेट, जाड जाकीट, बूट आणि हत्यारं भरलेली पिशवी काढून त्याच्या अंगावर चढवली, आणि गोठ्याच्या टोकाला नेऊन एका लोखंडी फळीवर उभा केला. गाईंचा वजनकाटा होता तो. दोन्ही बाजूला गज, तोंडाशी दाव्याची कडी. गुरुनाथनं सवयीनं पोट आत घेतलं. काट्यावर लाल आकडे आले : एकशे अडतीस.

"हे सामान पंधरा किलोचं," हार्म म्हणाला. "ऱ्हायलं एकशे तेवीस. तू एकशेचार म्हणतोस. मग मधलं एकोणीस किलो कुणाचं?"

सुयशनं खिडकीकडं बघितलं. गुरुनाथ काट्यावरून उतरला.

"पोट आत घेऊन गाय हलकी व्हत न्हाई," हार्म म्हणाला. "आन् तुला हे का विचारतो? मागच्या स्प्रिंगा वजनावर असत्यात. एकशेचारच्या घातल्या तर मागनं बूड बसतं, पुढनं नाक उचलतं, पट्ट्या बर्फाला टेकत न्हाईत. तू हँडल वळवशील, मशीन सरळ जाईल. म्होरं दरी आसंल."

गोठ्यात तीन मशीनं ओळीनं उभी होती. पहिलं सुयशचं साडेआठशेचं. दुसरं सहाशेचं, पट्टा तसा लांबच, पण इंजिन गरीब. तिसरं रुंद पट्ट्याचं, दोन माणसं बसतील असं, बैलगाडीसारखं ऐसपैस. गुरुनाथ तिसऱ्यावर बसला. गुडघे पसरून, पाठ टेकून. आठवडाभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"ह्येच देऊन टाका," तो म्हणाला. "ह्याच्यावरनं पडायचं काम न्हाई."

"पडायचं काम सगळ्यांवरनं," हार्म म्हणाला. "जाणार एकटा का?"

"एकटाच."

"मग चल मागं."

गोठ्यामागं पत्र्याखाली लाकडाच्या भुशाचा ढीग होता, छातीइतका. ताज्या बर्फासारखंच रुततं, हार्म म्हणाला, आणि त्यानं लहान ट्रॅक्टरनं रुंद मशीन ओढत आणून त्या भुशात आडवं पाडलं. "उचल."

गुरुनाथनं जाकीट काढलं. कुस्तीतलं अंग होतं, खाली वाकून पाय रोवले, पट्टी धरली आणि कण्हत जोर लावला. मशीन हात-दीड हात उठलं, भुसा खाली सरकला, आणि ते परत निजलं. दुसऱ्या झटक्यात तेही नाही.

"हे गेलं," हार्म म्हणाला.

मग साडेआठशेचं. ते पहिल्या झटक्यात उभं राहिलं. सुयशनं टाळी वाजवली. हार्मनं ते परत पाडलं.

"अरे, उचललं की आता!" गुरुनाथ म्हणाला.

"डोंगरात एकदाच पडणार असा कागद दिलाय का कुणी? परत उचल."

दुसऱ्यांदा वेळ लागला. तिसऱ्यांदा गुरुनाथच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, डोळ्यापुढं अंधारी आली, मशीन आडवंच राहिलं, आणि तो त्याच्या बाजूला भुशात पाय पसरून बसला. धाप लागली होती. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"आन् ह्याचं इंजिन," हार्म म्हणाला, "अंगठा जरा जास्त दाबला की मांजरीगत उडी मारतं. जाणत्याच्या हातात सोनं. नवख्याच्या हातात दिलं तर तो दिवसात दहादा पडंल. जडाला लांब पट्टा पायजे, ते खरं हाय, न्हाईतर रुततंय. पर नवख्याला इंजिन गरीबच बरं."

"ते नवखे नाहीत," सुयश घाईनं म्हणाला. "हिमालयात चालवलंय त्यांनी."

हार्मनं खिशातनं कागद काढला. मशीन देण्याआधी भरायला रेमकोनं पाठवलेला कंपनीचा अर्ज. वजनाच्या रकान्यात त्यानं स्वतःच एकशे तेवीस लिहिलं, खाली अनुभवाचा रकाना होता. पेन धरून तो थांबला. "किती तास?"

"पंधरा दिवस म्हणा," सुयश मराठीत पुटपुटला. "दादा, करार आहे. पंधरा दिवस."

गुरुनाथनं बसल्या जागेवरून त्या तिन्ही मशीनांकडं बघितलं. पंधरा दिवस म्हटलं की साडेआठशेचंच मिळणार, एकट्यालाच पाठवणार, आणि अकरा किलोमीटरच्या मध्यावर ते कुठंतरी तिसऱ्यांदा आडवं होणार. तिथं कुणाला सांगणार हिमालय? त्याला धाडस वगैरे काही आलं नाही. नुसता कंटाळा आला. आकडे लक्षात ठेवायचा, पोट आत धरायचा.

"धा मिनिटं," तो म्हणाला. "मागं बसून."

हार्मनं तसंच लिहिलं. मान वर केली नाही. मग सहाशेचं आणून भुशात पाडलं. "दमलास न्हवं? आता हे उचल. दमल्यावरच बघायचं असतंय."

गुरुनाथ उठला. एकदा, दोनदा, आणि बऱ्याच वेळानं, दात खाऊन, पाठीत काहीतरी कट्कन वाजवून, तिसऱ्यांदा. सहाशेचं मशीन भुशात उभं राहिलं.

"हे तुझं," हार्म म्हणाला. "स्प्रिंगा जाड घालतो."

सोमवारी रेमकोनं बोलावलं. कागद टेबलावर होता.

"बायोडेटात हिमालय आहे. इथं दहा मिनिटं आहेत. कुठलं खरं?"

"दहा मिनिटं."

"म्हणजे तू खोटं लिहिलंस."

"हो."

रेमको रागावून ओरडला असता तर सोपं झालं असतं. त्यानं नुसता कागद पालथा घातला. मग म्हणाला, "कायमचा करार मी आता देऊ शकत नाही. एक वर्ष देतो. आधी पाच दिवसांचं प्रशिक्षण, स्वीडनला. आणि एकटं कुणी जाणार नाही. सुयशला ह्या मशीनांची बरीच माहिती दिसते, तो येईल तुझ्याबरोबर."

सुयशला कळलं तेव्हा त्यानं आधी फोनवर स्वीडनचं हवामान बघितलं. मग म्हणाला, "दादा, मला थंडी सोसत नाही हो."

"व्हिडिओत सांगितलं न्हाई का कुणी?" गुरुनाथ म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुमेधा, त्याची बायको, दारातच उभी होती. पोरगी मृण्मयी सोफ्यावरून डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि परत फोनमध्ये गेली.

"किती?" सुमेधानं विचारलं.

"एक वर्ष."

तिनं बोटांवर मोजलं. "पाच पुरी होत्यात की. अर्जापुरतं झालं."

"कायमचा गेला पण."

"तो आला कुठं हुता?"

तो बूट न काढताच खुर्चीत बसला. सदरा वर करून पाठ तिच्याकडं केली. तिनं मलम आणलं. कमरेच्या वर हिरवानिळा डाग उठला होता.

"एकशे तेवीस भरलं," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "गाईच्या काट्यावर."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पलंगाची फळी काय एकशेचारनं मोडली व्हय?"

तिचा अंगठा खाली सरकला तसा तो कळवळला.

"जरा दमानं," तो म्हणाला. "ती कळ तिसऱ्या वेळची हाय."