गावाच्या दुधावरचा पैलवान

खेळाडूनं प्रेक्षकावर हात टाकावा का, असं मला दोन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं. मी शाळामास्तर आहे. उत्तर माहीत नसलं तरी लगेच द्यायची सवय आहे. मी म्हणालो असतो, मुळीच टाकू नये. माणूस दिवसभर ऊन खाऊन खेळ बघतो, तो बोलणारच. मी स्वतः घरातल्या दिवाणावर पडून टीव्हीतल्या फलंदाजांना जे काही बोलतो, ते त्यांच्या कानावर गेलं असतं तर निम्मा संघ परभणी स्टेशनवर उतरून माझा पत्ता विचारत आला असता. बायको म्हणते, "अहो, त्यांच्या जागी तुम्ही असता तर नुसती बॅट धरायला एक माणूस वेगळा लावावा लागला असता." खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

पण तो प्रश्न पुढं आमच्याच गावच्या यात्रेत, आमच्याच घरात येऊन पडला.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पैलवान आहे. हौसेचा नाही, पोटापाण्याचा. हंगामात गावोगावच्या मैदानात कुस्त्या लढतो आणि त्यावर वर्षभर स्वतःचं आणि तालमीचं चालवतो. आमच्या घराण्यात हे कुठून आलं कुणाला ठाऊक. लहानपणी मीही तालमीत गेलो होतो. वस्तादानं पहिल्या दिवशी माझ्याकडून आखाड्यातली माती उकरून घेतली, दुसऱ्या दिवशी मला त्याच मातीत घातलं, आणि तिसऱ्या दिवशी मला वाचनाची गोडी लागल्याचं मी घरी जाहीर केलं.

आमचं गाव बोरीच्या अलीकडचं. तिथं पोरगं पैलवानकीला लागलं की गाव त्याला दूध लावतं. म्हणजे ज्यांच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्यांनी पाळी वाटून घ्यायची. आज या घरची किटली, उद्या त्या घरची. पुतण्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून हे दूध सुरू होतं. तो पुढं लांबच्या तालमीत गेला, नाव कमावलं, तरी यात्रेच्या आधी महिनाभर घरी आला की दुसऱ्या दिवशी पहाटे दारात किटली हजर. त्याच्या बदल्यात तो एकच करायचा. इतर मैदानात ठरवून मानधन घेणारा हा गडी गावच्या यात्रेत फुकट लढायचा. आणि मैदानात कुठंही पुकारा झाला की त्याच्या नावाआधी आमच्या गावाचं नाव यायचं. त्याला त्याचं फार होतं. माझ्या मते किताबापेक्षा जास्त.

हे दूध लावलं होतं माझ्या दोस्तानं. बसथांब्याजवळ त्याचं किराणा दुकान. गाव त्याला शेठ म्हणतं, मीही म्हणतो. आमची दोस्ती एका पाटीवर दोघं लिहायचो तेव्हापासूनची. शाळा सुटली की त्याच्या दुकानातल्या तेलाच्या डब्यावर बसून चहा घ्यायचा आणि देशाचे प्रश्न सोडवायचे, हा माझा नेम. पुतण्या आखाड्यात पहिल्यांदा उतरला तेव्हा खांद्यावर घेऊन नाचलेला माणूस म्हणजे शेठ. नाचायला मीही होतो, पण माझ्या खांद्यावर त्या वयातही ते पोरगं पेललं नाही.

गेल्या वर्षी शेठ यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाला. शेवटची, मानाची कुस्ती पुतण्याची ठरली. समोर बाहेरच्या जिल्ह्यातला नावाजलेला मल्ल. येलदरीच्या रस्त्यापासून सेलूच्या मोंढ्यापर्यंत फ्लेक्स लागले. त्यात पुतण्या दंड थोपटून उभा, आणि खाली शेठ हात जोडून, पुतण्याएवढ्याच आकाराचा.

यात्रा आठवड्यावर आली आणि सराव करताना पुतण्याचा गुडघा फिरला. शेठनं स्वतःची गाडी काढली. तो, मी आणि पुतण्या, तिघंच परभणीला गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, आतली दोरी फाटली आहे, वर्षभर तरी कुस्तीचं नावसुद्धा काढायचं नाही.

येताना गाडीत, परभणी मागं पडल्यावर शेठ म्हणाला, "पैलवान, आता कुस्ती रद्द केली तर लोक मला फाडून खातील. लय मोठी जाहिरात झालीय."

पुतण्या म्हणाला, "मंग काय करायचं, काका?" तो शेठलाही काकाच म्हणायचा.

"एक काम करू. समोरच्याच्या वस्तादाला मी गाठतो. थोडा वेळ खडाखडी करा, हात धरा, सोडा. मंग पंच बरोबरीत सोडवतील. कुणाला कळत बी न्हाई."

पुतण्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सेटिंग नको, काका. उतरतो म्हणलो तर उतरतो. पडलो तर पडलो. गावाचं दूध पिऊन नुरा कुस्ती न्हाई खेळणार." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला यापेक्षा घाण शिवी नाही.

मी काय केलं? "बघ बाबा, जपून," असं म्हणालो. काकालोकांचं हे वाक्य तयारच असतं.

यात्रेच्या दिवशी मैदान भरून माणसं झाडांवर चढली होती. हलगी कडाडली, सलामी झाली. मी कमिटीच्या मंडपात, शेठच्या मागच्या खुर्चीवर. पुतण्यानं गुडघ्याला काही बांधलं नव्हतं, समोरच्याला जागा कळू नये म्हणून. पण तो मल्ल काय आंधळा होता? त्यानं एकदा वाकून पायाला हात घालत पट काढला, पुतण्याचा पाय मुडपला, आणि मी चष्मा पुसून परत डोळ्यावर चढवेपर्यंत पुतण्याची पाठ मातीला लागली होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची कुस्ती मी पाहिलीच नाही.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ए, झोपायला आलता का?" हसू उसळलं. मग पाण्याचे पाऊच येऊ लागले. "दूध काढा ह्याच्या पोटातून!" "म्हैस पाळली असती तर परवडलं असतं!" पुतण्या लंगडत उठला, जिंकलेल्याचा हात वर केला, मान खाली घालून ऐकत राहिला. पाऊच पाठीवर फुटत होते. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण मंडपाकडं वळून ओरडला, "काय ओ शेठ, तुमीच सेटिंग केली का?" आणि चार-पाच जण त्याच्यामागं उभे राहिले.

शेठचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती, घामानं भिजलेली. त्यानं माईक उचलला आणि म्हणाला, "माझा काय संबंध? सेटिंग त्यानं केली! दूध आमचं प्यायचं अन् पाठ दुसऱ्यासाठी टेकवायची!"

चारी बाजूंच्या कर्ण्यांतून ते वाक्य गेलं. गावाच्या पार टोकाच्या घरात आमच्या वहिनी रेडिओसारखं सगळं ऐकत बसल्या होत्या, त्यांच्याही कानात गेलं.

पुतण्यानं तेव्हा वर बघितलं. लंगडत मंडपापर्यंत आला, शेठच्या कमरेला हात घातला आणि त्याला उचललं. शेठ म्हणजे साखरेचं भरलेलं पोतं. माईक त्याच्या हातातच राहिला होता, त्यामुळं "अरे सोड, अरे पडंन, अरे माझा चष्मा" हे सगळं पंचक्रोशीनं ऐकलं. पुतण्यानं त्याला आखाड्याच्या मध्यावर नेलं. आपटलं नाही. तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तसं उताणं ठेवलं, दोन्ही खांदे मातीला टेकवले, आणि निघून गेला. हलगीवाल्यानं सवयीनं विजयाचा ठेका वाजवला. मैदान हसून लोळत होतं. मला हसू आलं नाही. मी अजून त्या वाक्यातच अडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या सभामंडपात बैठक बसली. तोवर उचलण्याचा व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर गेला होता. त्याच्या आधीचं वाक्य कुणीच घेतलं नव्हतं. कमिटीतल्या वयस्कर माणसानं सांगितलं, "पैलवानानं शेठचे पाय धरून माफी मागावी. न्हाईतर इथून पुढं गावाच्या नावावर लढू नये. तसं सगळ्या मैदानांना कळवू."

पुतण्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला होता. गुडघा भोपळ्याएवढा झालेला. गावाचं नाव काढून घेतो म्हणाल्यावर त्याचा हात गुडघ्यावरून निसटला, तेवढंच.

मी उठलो. वर्गात पन्नास पोरांसमोर खणखणीत निघणारा माझा आवाज त्या दिवशी चिरका निघाला. म्हणालो, "गुडघा आधीच गेलेला होता. डॉक्टरांनी मनाई केली होती. शेठला विचारा, तो होता सोबत. सेटिंगचं कोण बोललं होतं गाडीत, तेही विचारा."

सगळे शेठकडं बघू लागले. मी तर बघतच होतो. मला खरंच वाटत होतं की तो आता उठेल आणि म्हणेल, गर्दी बघून तोंडातून निघून गेलं, चुकलं गड्या. एवढंच. मी त्याला लगेच माफ करायच्या तयारीत होतो.

शेठ म्हणाला, "सर, पुतण्यासाठी काय बी बोलायलात तुमी. मी कुठं आलतो परभणीला? माझी गाडी तर गॅरेजला होती."

मला 'सर' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी पुढं काही बोलणार तोच पुतण्या म्हणाला, "काका, बसा तुमी." मग भिंत धरून उभा राहिला. "मंडळी, पैलवानानं बघणाराला हात लावू नये. वस्तादानं तसंच शिकवलंय. तुमी काल जे बोललाव ते मी घेतलं. पाऊच मारले, ते बी घेतले. तुमाला काय म्हाईत होतं? डोळ्याला दिसलं ते बोललाव. उद्या बी बोला. पण मी काल बघणाराला उचललं न्हाई. ह्यांना म्हाईत होतं. ज्याला म्हाईत हाय, तो बघणारा न्हाई." त्यानं सगळ्यांना हात जोडले, शेठकडं बघून नाही. "पाय धरणार न्हाई. नाव काढून घ्यायचं तर घ्या. उद्यापासून दूध बी पाठवू नका."

दूध तरी आलंच. दुसऱ्या पहाटे पाळी होती त्या घरची किटली दारात. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तेवढं परत देऊन या." घरातला आदर्श शिक्षक किटली हलवत गावातून निघाला. ते घर एका म्हाताऱ्या बाईचं, एकच म्हैस. ती किटलीकडं बघत राहिली. "मी काय कुस्ती बघाया गेलते का? मला तर धड दिसत बी न्हाई. लेकराचा पाय मोडलाय म्हणून जास्त घातलं होतं. ते बी परत?" मी किटली तिच्या ओट्यावर ठेवून परत आलो. पुतण्याला हे सगळं सांगितलं. पण त्यानं दूध घेतलं नाही. एकाचं घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागतं, म्हणाला.

पुढं ऑपरेशन झालं. वर्ष गेलं. यंदा तो परत मैदानात उतरला. आता पुकारा होतो तो तालमीच्या नावानं, गाव मध्ये येत नाही. मी दुकान बदललं. नव्या दुकानदाराचा चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली पत्ती, आणि त्याला देशाच्या प्रश्नांत काडीचा रस नाही.

यंदाच्या यात्रेच्या महिनाभर आधी शेठ घरी आला. माझ्या घरी, चपला बाहेर काढून. बायकोनं पाणी दिलं आणि आत गेली, चहाचं विचारलं नाही. तो म्हणाला, "लोक म्हणायलेत, यंदा आपलाच पैलवान पाहिजे."

"त्याचं मानधन हाय आता," मी म्हणालो. "बाहेरच्या गावाला जे सांगतो, तेच."

"गावाला बी?"

"गावाला बी."

"तू सांगून बघ ना. तुझं ऐकंल त्यो. घरचाच हाय."

तो खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिला. मग खाली बघूनच विचारलं, "पाय बरा हाय ना आता त्याचा? डॉक्टर म्हणलं होतं, वर्ष तरी लागंल."

तेव्हा सभामंडपात पन्नास माणसं होती. आता खोलीत आम्ही दोघंच. वर्षभर मी हेच एक वाक्य ऐकायला थांबलो होतो, आणि ते असं, कुणीच ऐकत नसताना आलं. मला वाटलं होतं, आलं की माझं मन हलकं होईल.

"माझ्यासमोर म्हणून काय उपयोग," मी म्हणालो. "तिथं म्हणायचं होतं."

तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "मंग मानधनाचं कमिटीत ठेवतो."

खेळाडूनं प्रेक्षकावर हात टाकू नये, असं मी शाळेत पोरांना अजूनही सांगतो. तेव्हा माझा आवाज खणखणीत निघतो. शेठ प्रेक्षक होता का, असं अजून एकाही पोरानं विचारलेलं नाही.